मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: आठवड्याभराचे मुक्काम कसे ठरवावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अडतीस फुटी शिडाची बोट आहे, ती इंजिनवर ताशी साडेपाच ते सहा सागरी मैल चालते आणि तिचा पाण्याखालचा भाग एकोणीसशे मिलिमीटरच्या आसपास आहे. बोटीवर चौघे असणार, त्यांपैकी दोघे सरावलेले आणि दोघे नवखे. डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईहून निघून सात दिवसांत गोवा गाठायचे आहे आणि वाटेत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले चारही जलदुर्ग उतरून पाहायचे आहेत. त्याखेरीज आपण जोडलेल्या यादीत जंजिरा, हर्णैचा मासळीचा लिलाव, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड आणि निवती हेही आहेत. एवढ्या यादीतून थांबे कसे निवडावेत, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की, ही यादी काही काळ बाजूला ठेवावी आणि आधी फक्त रात्रीचे मुक्काम ठरवावेत. कोकण किनाऱ्यावर दिवसा तासभर थांबता येईल अशा जागा पुष्कळ आहेत, पण हिवाळी वाऱ्यात रात्रभर निर्धास्त झोपता येईल अशा जागा मोजक्याच आहेत, आणि मुंबई व गोवा यांच्या दरम्यान सहलीच्या बोटींसाठी धक्का, वीज, पाणी देणारी मरीना नाही. मुक्कामाच्या जागा पक्क्या झाल्या की त्यांच्यामध्ये जे किल्ले येतात ते पाहावेत. जे येत नाहीत ते पाण्यातून पाहून पुढे जावे. चारही किल्ल्यांवर उतरणे सात दिवसांत सुरक्षितपणे जमत नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. एकावर पाणी सोडावे लागेल. तो कोणता, ते पुढे येईल.

प्रथम वाऱ्याविषयी लिहितो, कारण मुक्कामाची सगळी निवड त्यावरच आहे. डिसेंबर-जानेवारीत या किनाऱ्यावर पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून मतलई वारा येतो. मग तो पडतो, तासभर समुद्र तेलासारखा होतो, आणि दुपारी बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीला हा वायव्येचा वारा मागून आणि उजवीकडून मिळतो, म्हणून मुंबईहून गोव्याला जाणे सुखाचे असते. मात्र हाच वारा आणि त्याच दिशेची लाट मुक्कामाच्या जागेची परीक्षा घेते. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांमुळेही वायव्येकडून लांब लाट येते, आणि ती आपल्याकडे वारा नसतानाही बोट रात्रभर आडवी डोलवत राहते. तेव्हा नकाशावर प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारावा: वायव्येकडून येणारी लाट इथे कशाने अडते? टेकडीने, किल्ल्याच्या नाकाडाने किंवा खाडीच्या वळणाने अडत असेल तर ती रात्रीची जागा. अडत नसेल तर ती जेवणापुरती जागा, मग किनारा कितीही देखणा असो.

या कसोटीवर माझ्या मते चार जागा स्पष्टपणे उतरतात: जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी, जयगडची खाडी, विजयदुर्ग आणि देवगड. मालवण अर्धवट उतरते. हर्णै, गणपतीपुळे, निवती उतरत नाहीत. रत्नागिरीला मिरकरवाड्यात यांत्रिक मच्छीमार बोटींची इतकी दाटी असते की आपल्यासारख्या बोटीला रात्री तिथे फिरायला जागा उरत नाही. डिझेलची किंवा दुरुस्तीची अडचण आली तरच तिकडे वळावे. दाभोळ आणि बाणकोट या खाड्या नकाशावर मोहात पाडतात, पण दोन्हींच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि दर पावसाळ्यानंतर वाळू सरकते. ज्याने त्या मोसमात ती वाट स्वतः पाहिलेली नाही त्याने तिथे पहिल्यांदा जाताना स्थानिक तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय शिरू नये.

आता अंतरे. मुंबई बंदरातून राजपुरी सुमारे ४० सागरी मैल, राजपुरीहून जयगड सुमारे ६०, जयगडहून विजयदुर्ग ४५, विजयदुर्गहून मालवण ३१ (वाटेत बारा मैलांवर देवगड), आणि मालवणहून गोव्यातले आग्वाद सुमारे ४०. एकूण दोनशे सोळा-सतरा मैल होतात. जाळी चुकवण्यासाठी घेतलेली वळणे धरून सव्वादोनशे समजावेत. ताशी साडेपाच मैलांनी हे एक्केचाळीस तासांचे काम आहे. डिसेंबरअखेर या अक्षांशावर सूर्य सातच्या जरा नंतर उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. नियम असा करावा की, साठ मैलांचा दुसरा दिवस सोडला तर, दुपारी चारच्या आत नांगर पडलाच पाहिजे. चार वाजता जागा पसंत पडली नाही तर दुसरी शोधायला उजेड उरतो, साडेपाचला उरत नाही.

निघण्याची तारीख सुट्टीवरून न ठरवता तिथीवरून ठरवावी, असा माझा आग्रह आहे. कोकणातला जुना आडाखा आपण ऐकला असेल: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हा आडाखा ढोबळ आहे, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, आणि छापील कोष्टकाशी तो ताडून पाहिलाच पाहिजे. पण आठवड्याचा आराखडा करायला तो पुरतो. षष्ठी-सप्तमीला निघाल्यास पहाटे साडेचार-पाचला भरती संपते आणि मुंबई बंदरातून बाहेर पडताना ओहोटीचे पाणी आपल्याला ढकलते. दुपारी खाडीत शिरताना पाणी चढत असते, म्हणजे चुकून गाळात टेकलो तरी पुढच्या अर्ध्या तासात तेच पाणी बोट उचलते. शिवाय हा भांगाचा काळ असल्याने प्रवाह सौम्य असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, तेव्हा बंदराच्या तोंडाशी वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते. नवख्यांचा पहिला दिवस तसा जाऊ नये. गोव्याकडे हा फरक दोन मीटरच्या आसपास येतो आणि भरतीचे गणित तितके कडक राहत नाही.

पहिला दिवस मुंबई ते राजपुरी. साडेसहाला नांगर उचलावा. चौदा-पंधरा मैलांवर खांदेरी येते. इथले दीपगृह १८६७ चे आहे, आणि कोळी बांधव वेताळाला मानतात तेही इथेच. समुद्र शांत असेल तर तासभर थांबून दोघा-दोघांनी पाळीपाळीने छोट्या होडीने धक्क्यावर जावे, बोट मात्र रिकामी सोडू नये. जवळची उंदेरी आणि खांदेरी यांच्यामधून आडवाट काढण्याच्या फंदात न पडता पश्चिमेकडून फिरावे, कारण मधले पाणी उथळ आणि खडकाळ आहे. राजपुरीला तीनपर्यंत पोहोचता येते. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांचे खुंट आणि त्यांना बांधलेले प्लॅस्टिकचे डबे पसरलेले असतात. डबा दिसला की जाळे त्याच्या कोणत्या अंगाला आहे हे प्रवाहावरून ओळखावे लागते, कारण डबे आणि दोर प्रवाहाच्या दिशेने ताणलेले असतात. ज्या बाजूने पाणी येते आहे त्या बाजूने, अंतर राखून जावे. एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून हे काम करायचेच आहे, आणि नवख्यांना पहिल्या दिवसापासून तेच द्यावे; त्यांना कामही मिळते आणि मळमळही कमी होते.

जंजिऱ्याच्या तटाशी आपली बोट नेऊ नये. किल्ल्याभोवती खडक आहेत आणि दरवाजाशी पर्यटकांच्या होड्यांची वर्दळ असते. खाडीत आत, दिघीच्या बाजूला व्यापारी जहाजांची आणि आगरदांडा-दिघी फेरीबोटीची वाट सोडून नांगर टाकावा आणि वेळ असेल तर राजपुरीहून स्थानिक शिडाच्या होडीने किल्ल्यावर जावे. पहिल्याच दिवशी खांदेरीही आणि जंजिराही असा हट्ट धरल्यास दुसरा दिवस बिघडतो. तो दिवस सर्वांत लांब आहे.

दुसऱ्या दिवशी साठ मैल. सव्वासहाला, झुंजुमुंजू होताच निघावे, पहिला तास नाळेवर माणूस ठेवून हळू चालावे, मग ताशी सहा मैल राखावेत. शिडावर तेवढा वेग मिळत नसेल तर इंजिन चालू करण्यात कमीपणा मानू नये. सुवर्णदुर्ग अकराच्या सुमारास डाव्या हाताला येतो. इथेच मघाशी म्हटलेला त्याग करावा, असे मला वाटते. या किल्ल्यावर नीट धक्का नाही, उतरायचे तर वाळूवर किंवा खडकांवर होडी लावावी लागते, आणि उतरलो की दोन तास जातात. ते दोन तास जयगडला अंधार करतात. किल्ला, समोरच्या काठावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, आणि त्यांच्यामधली मच्छीमार बोटींची गर्दी हे सारे पाण्यातूनच एका नजरेत येते. अर्धा मैल अंतरावरून, खडक चुकवून, शांतपणे पाहावे. साडेअकरापर्यंत सुवर्णदुर्ग मागे पडला नसेल तर जयगडचा विचार सोडून द्यावा आणि हर्णैलाच, किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये, शक्य तितक्या आडोशाला रात्र काढावी. रात्र डोलण्यात जाईल, पण अनोळखी खाडीत अंधारात शिरण्यापेक्षा ते बरे. संध्याकाळचा लिलाव तेवढा पाहून होईल.

जयगडला मोठी मालवाहू जहाजे ये-जा करतात, म्हणून बाहेरूनच व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर कान ठेवावा आणि त्यांच्या वाटेतून आडवे जाऊ नये. बंदराचे धक्के ओलांडून शास्त्री नदीच्या तोंडातून आत शिरले, किल्ला मागे पडला, की लाट जणू झाकण लावल्यासारखी बंद होते. जयगड-तवसाळ फेरीबोटीची वाट सोडून नांगर टाकावा.

नांगराबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगणे भाग आहे, कारण दुसऱ्या किनाऱ्यांवर सरावलेली माणसे इथे तिच्यात फसतात. आपण दुपारी नांगर टाकतो तेव्हा वारा वायव्येचा असतो, म्हणून बोट आग्नेयेकडे तोंड फिरवून नव्हे, तर वायव्येकडे तोंड करून, शेपूट आग्नेयेला टाकून उभी राहते आणि सगळे ठीक दिसते. रात्री दहा-अकराला तो वारा पडतो, मग बोट प्रवाहाच्या मर्जीने फिरते, आणि पहाटे मतलई सुरू झाली की पूर्वेकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे जवळजवळ अर्धे वर्तुळ फिरलेली असते. दुपारी मागे असलेला रिकामा किनारा किंवा लांब दिसणारी मच्छीमार बोट पहाटे आपल्या अंगाशी असू शकते. त्यात आपण पाण्याच्या खोलीच्या पाचपट साखळी-दोर सोडलेला असतो, तर शेजारची मच्छीमार बोट आखूड दोरावर असते. दोघींची वर्तुळे सारखी नसतात. म्हणून नांगर टाकल्यावर इंजिन उलटे फिरवून तो धरला आहे याची खात्री करावी, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात, आणि पूर्ण वर्तुळाला पुरेल एवढी मोकळी जागा चारही बाजूंना आहे का ते पाहावे. भरतीला खोली वाढते, हेही दोर सोडताना धरावे.

तिसरा दिवस जयगड ते विजयदुर्ग, सकाळी साडेसहा ते दुपारी तीन. गणपतीपुळ्याचे देऊळ आणि मग रत्नदुर्गाचे नाकाड पाण्यातून पाहत जावे. पुळ्याचा किनारा पश्चिमेला सरळ उघडा आहे, तिथे थांबू नये. रत्नागिरीच्या आसपास पर्ससीन आणि ट्रॉलर या मोठ्या जाळ्यांच्या बोटी ओळीने काम करत असतात. त्यांना वाट सोडावी, त्यांच्या मागे जवळून जाऊ नये. पंख्यात जाळे अडकले तर इंजिन ताबडतोब बंद करावे. धारदार सुरी आणि पाण्याखाली पाहायचा चष्मा हाताशी असावा, आणि पाण्यात उतरणाऱ्याला दोर बांधल्याशिवाय उतरू देऊ नये.

विजयदुर्गला मी पूर्ण एक दिवस जास्तीचा ठेवीन, आणि आपणही ठेवावा. वाघोटन खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही, किल्ल्याचा खडक पश्चिमेची लाट अंगावर घेतो आणि त्याच्या पूर्वेला, गावच्या धक्क्यासमोर, बोट स्थिर राहते. पश्चिमेकडून किल्ल्याच्या तटाशी लगटून मात्र जाऊ नये, तिथे पाण्याखाली खडक आहेत. चौथ्या दिवशी सकाळी किल्ला निवांत पाहावा, आणि भरतीला छोट्या होडीने खाडीत आत जाऊन आंग्र्यांच्या आरमाराची, खडकात कोरलेली गोदी पाहावी. बोटी बांधणारे आणि डागडुजी करणारे लोक कुठे आडोसा शोधत होते, ते तिथे उभे राहिल्यावर ध्यानात येते. या दिवसाचे खरे काम मात्र वेगळे आहे. आधीच्या तीन दिवसांत हवा, इंजिन किंवा एखाद्याचे पोट बिघडून एक दिवस गेला असेल तर तो इथे भरून निघतो. असा दिवस वेळापत्रकाच्या शेवटी ठेवून उपयोग नसतो, कारण शेवटी तो विमानाच्या तिकिटाखाली दबतो.

पाचवा दिवस मालवणचा, आणि त्याचा निर्णय मालवणला पोहोचून घ्यायचा नसतो. साडेसातला निघावे, देवगडसमोर दहाच्या आत येतो. तेव्हा लाट मीटरभराहून जास्त असेल किंवा वारा नेहमीपेक्षा लवकर उठला असेल तर देवगडात शिरावे. हे बंदर जमिनीने वेढलेले आणि आत शांत आहे, गाळामुळे खोली मात्र सांभाळावी. तिथून मोटारीने मालवणला जाऊन सिंधुदुर्ग पाहून येता येते. समुद्र शांत असेल तर पुढे जावे आणि दीड-दोनला मालवणात शिरावे. या वेळेला कारण आहे. मालवणच्या समोर उघडे आणि बुडालेले खडक विखुरले आहेत, आणि पूर्वेकडे तोंड करून आत येताना दुपारी सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे खडकावरचे तपकिरी पाणी आणि खोल हिरवे पाणी यांतला फरक डोळ्यांना कळतो. सकाळी याच वाटेने आल्यास समोरच्या चकाकीत काही दिसत नाही. अनोळखी माणसाने फोनवरच्या नकाशावर विसंबून आत येऊ नये. राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा आणि वाटेच्या खुणा जुळवत यावे, किंवा सरळ स्थानिक तांडेलाला पुढे घालावे.

सिंधुदुर्गाचा परिसर १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात येतो आणि इथे प्रवाळ आहे. वाळू असेल तिथेच नांगर टाकावा, आधी बंदर कार्यालयात विचारून घ्यावे, आणि किल्ल्यावर स्थानिक होडीनेच जावे. वायव्येकडून लाट वाढण्याचा अंदाज असेल तर मालवणात रात्र काढू नये.

सहाव्या दिवशी सातला निघून वेंगुर्ल्याचे खडक बाहेरून टाकून आग्वादला तीन-चारपर्यंत पोहोचता येते. या खडकांवर पाकोळ्यांची वीण होते. जवळ जाऊन गोंगाट करण्यापेक्षा दुर्बीण वापरावी. आग्वादच्या डोंगराच्या दक्षिणेला वायव्येचा आडोसा मिळतो. मांडवीच्या तोंडाशीही वाळूचा दांडा आहे, म्हणून आत जायचे ते खुणांच्या वाटेने, चढत्या पाण्यावर आणि बंदर कप्तान खात्याला कळवून. पणजीच्या पुलांखालून डोलकाठी जाईल असे गृहीत धरू नये. सातवा दिवस यासाठी मोकळा राहतो.

डिझेलचा हिशेब सगळा प्रवास इंजिनवर होईल असे धरून करावा: एक्केचाळीस तास, तासाला तीन लिटर, म्हणजे सव्वाशे लिटर, आणि त्यावर एक तृतीयांश राखीव. वाटेत धक्क्यावर नळीने डिझेल मिळेल या भरवशावर राहू नये. मच्छीमार सोसायट्यांचे पंप त्यांच्या सभासदांसाठी असतात. आपल्याला गावातल्या पंपावरून कॅनमध्येच आणावे लागेल. पाण्याचेही तसेच.

कागदपत्रांत बोटीची नोंदणी, विमा, प्रत्येकाचे ओळखपत्र आणि मुक्कामांची यादी यांच्या प्रती असाव्यात. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयांना आणि सागरी पोलिसांना निघण्यापूर्वी कळवावे. २००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोटीची चौकशी होणारच, आणि ती रास्त आहे. परदेशातून येणाऱ्या मित्राला उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आणू नका असे आधीच बजावावे, कारण परवान्याशिवाय ते बाळगणे भारतात गुन्हा आहे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ सुकाणूजवळ लिहून लावावा.

हवामानासाठी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी पाहावा. आपण डिसेंबरचा उत्तरार्ध निवडला हे चांगले केले: फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणावर आले होते, आणि ओखी २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या बाजूला सरकले होते. फेब्रुवारीनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. गोव्याला जायला तो चालतो, पण बोट मुंबईला परत आणायची आहे हे विसरू नये. परतीचा प्रवास त्याच वाऱ्याच्या तोंडावर, बहुतेक मध्यरात्रीनंतर ते सकाळी अकरापर्यंत, मतलईच्या वेळातच करावा लागतो आणि त्याला आठवडा पुरत नाही. तेव्हा बोट गोव्यात ठेवण्याची किंवा सरावलेल्या खलाशांकरवी परत आणण्याची व्यवस्था मुंबई सोडण्यापूर्वीच लावून घ्यावी.